रंध्याआधी ओळंबा

ज्या वस्तूंची आठवण त्या बिघडल्यावाचून होत नाही, अशा वस्तूंत घराच्या पुढच्या दाराचा क्रमांक बराच वरचा लागेल. दिवसातून वीस वेळा माणूस ते लोटतो, ओढतो, कडी घालतो, कडी काढतो. पण हाताला त्याची जाणीव म्हणून होत नाही. एखाद्या सकाळी ते अडले, म्हणजे मात्र सारे घर त्याच्यापुढे जमते. कोणी खांदा लावून पाहतो, कोणी लाथ मारतो, कोणी सुताराचा उद्धार करतो, आणि शेवटी सर्वांचे एकमत होते ते रंध्यावर. जिथे घासते तिथे थोडे तासून टाकावे, म्हणजे झाले! हा उपाय इतका सरळ दिसतो की, त्याविषयी दुसरा काही विचार करावा, हे कोणाच्या मनातही येत नाही. प्रस्तुत भाषण त्या दुसऱ्या विचाराविषयी आहे.

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील दोन तालुके सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी वसलेले आहेत. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला भोर घाट, आणि मधल्या खोऱ्यांतून वाहणाऱ्या उल्हास व पाताळगंगा या नद्या. समुद्रावरून आलेले ढग इथे डोंगराला अडतात आणि मोकळे होतात. माथेरानला वर्षाकाठी सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. खालच्या खोऱ्यातही तो तीन हजारांच्या वर जातो, आणि त्यातला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आषाढात भिंतीवर टांगलेला सदरा आठ दिवस वाळत नाही. उलट फाल्गुन-चैत्रात वारा कोरडा होतो, शेतजमिनीला भेगा पडतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत कर्जतचा पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो. एकाच घराच्या एकाच दाराला वर्षातून एकदा स्नान आणि एकदा होरपळ, अशी ही दोन टोके सोसावी लागतात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाल्यापासून या भागात मुंबईकरांची नवी घरे पुष्कळ उठली. अशाच एका घराची ही हकीगत आहे. घर उल्हास नदीपासून हाकेच्या अंतरावर, राहणारे तिघेच. नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यांची पत्नी, आणि ऐंशी उलटलेली त्यांची आई. वैशाखात वास्तुशांत व्हायची होती. गिलावा नुकताच झालेला, भिंतींतले पाणी अजून वाळलेले नव्हते. पण मुहूर्त थांबत नाही. दुकानातून सागाचे कोरीव दार आले, दुकानानेच पाठविलेल्या कारागिराने ते अर्ध्या दिवसात बसविले, पैसे घेतले आणि तो दुसऱ्या कामावर निघून गेला. दाराला तोरण लागले. आल्यागेल्याने त्यावरील कोरीव वेलीची वाखाणणी केली. ते किंचित जड फिरते आहे, हे एकट्या म्हातारीच्या लक्षात आले. पण नव्या घरात तक्रारीने पाऊल टाकू नये, म्हणून ती गप्प राहिली.

जुलै महिन्यात एके दिवशी मुलगा आणि सून डॉक्टरांच्या भेटीसाठी मुंबईला गेली आणि पावसाने गाड्या खोळंबल्यामुळे रात्री तिकडेच राहिली. मागल्या दाराला बाहेरून कुलूप होते आणि किल्ली मुलाच्या खिशात. रात्रभर पाऊस कोसळत होता. वीजही गेली होती. सकाळी दूधवाल्याची हाक आली. म्हातारीने कडी काढली आणि दार ओढले, तो ते जागचे हलेना. दूधवाल्याने बाहेरून लोटून पाहिले. त्याचाही इलाज चालेना. शेवटी तो वाडीवर जाऊन दोन तरुण पोरांना घेऊन आला आणि तिघांनी खांदा देऊन ते उघडले, तेव्हा दोन तास होऊन गेले होते. तेवढा वेळ ती वृद्ध स्त्री अंधाऱ्या ओटीवर स्टूल टाकून दाराकडे पाहत बसली होती. तिला इजा काही झाली नाही. मुलगा परतल्यावर तिने एवढेच विचारले, "अरे, गॅसजवळ काही पेटले असते, तर मी कुठून बाहेर पडले असते?" त्या प्रश्नाला घरात कोणापाशी उत्तर नव्हते.

मग व्हायचे तेच झाले. मुलाने संतापाने दुकानात फोन केला. तोच कारागीर पुन्हा आला. पावसाळ्यात सगळ्यांचीच दारे फुगतात, हवाच तशी, असे म्हणाला. आणि कडीच्या बाजूची कड वरपासून खालपर्यंत रंध्याने तासून, खालचा कोपरा थोडा कापून, अर्ध्या तासात निघून गेला. दार मोकळे फिरू लागले. श्रावण आणि गणपती सुखात गेले. दिवाळीला कडीच्या बाजूस उजेडाची एक रेघ दिसू लागली. माघ उजाडला, तेव्हा त्या फटीत बोट जाऊ लागले. कुलुपाची जीभ समोरच्या घरात पोचेना. आणि आश्चर्य असे की, वरचा कोपरा चौकटीला अजूनही घासतच होता! जे दार जुलैत उघडत नव्हते, ते आता नीट लागत नव्हते. आईला रात्री झोप येईना. म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशातला हा प्रकार झाला.

हे असे का झाले, हे समजण्यासाठी लाकडाचा स्वभाव थोडा जाणून घेतला पाहिजे. आगगाडीच्या जुन्या रुळांच्या सांध्यांत फट ठेवीत असत, ती लोखंड उन्हाने वाढते म्हणून. लाकडाचे तसे नाही. ते उन्हाने वाढत नाही, ओलाव्याने वाढते. आणि तेही सर्व बाजूंनी सारखे नव्हे. लांबीत त्याची वाढ जवळजवळ नसते. रुंदीत मात्र ती असते. म्हणून सात फुटांचे दार पावसाळ्यात उंचीने वाढत नाही, पण त्याची रुंदी बदलते. साग हे त्यातल्या त्यात स्थिर लाकूड. ओल्या, हिरव्या अवस्थेपासून पुरे वाळेपर्यंत ते रुंदीत शेकडा पाच-सहा आकसते. घराला लावलेल्या दारात एवढा फरक कधीच पडत नाही. त्यातील ओलावा उन्हाळ्यात शेकडा दहा आणि पावसाळ्यात सोळा झाला असे धरले, तर रुंदीतला फरक शेकडा एकच्या आसपास येतो.

आता हा एक टक्का कशाचा मोजायचा, हीच खरी मेख आहे. जुन्या सुतारांनी दाराची घडण फार विचाराने ठरविली होती. दोन उभे दांडे, तीन-चार आडव्या पट्ट्या, आणि त्यांच्या खाचांत नुसत्या अडकविलेल्या, खिळे अगर सरस न लावलेल्या फळ्या. फळी फुगली तर खाचेतल्या खाचेत सरकते. दाराच्या बाहेरच्या मापाला ती धक्का लावीत नाही. बाहेरचे माप बदलते ते फक्त दोन उभ्या दांड्यांच्या रुंदीपुरते. चार-चार इंचांचे दोन दांडे धरले, तर आठ इंचांचा एक टक्का, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर. आणि सुताराची जुनी रीत काय? दार आणि चौकट यांच्यामध्ये चहूबाजूंनी एक सूत जागा सोडावी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटर. अर्थात सुक्या लाकडाचे, नीट घडविलेले, सरळ चौकटीत लावलेले दार पावसाळ्यात फुगूनही त्या एका सुतात सामावते. ते हट्टाने अडत असेल, तर दोष एकट्या पावसाचा नव्हे. दुसरे काही तरी चुकलेले आहे. ते काय, हे रंधा सांगत नाही. ते ओळंबा सांगतो.

त्या घराला हे सांगणारा माणूस होळीच्या सुमारास भेटला. खालापूर तालुक्यात चौकच्या बाजूला राहणारे हे वृद्ध सुतार मिस्त्री शेजारच्या घरी देवघराच्या कामाला आले होते. त्यांना बोलावून आणले, तेव्हा त्यांनी आपली हत्यारांची पिशवी सोडलीच नाही. आधी दार पाच-सहा वेळा उघडून मिटून पाहिले. मग ते अर्धे उघडून सोडून दिले. दार आपोआप फिरत जाऊन चौकटीला टेकले. मिस्त्रींनी मान हलविली आणि खिशातून ओळंबा काढून बिजागऱ्यांच्या बाजूच्या उभ्या लाकडावर सोडला. सात फुटांत तीन सूत! चौकटीचा माथा कडीच्या बाजूला झुकला होता, आणि थोडा बाहेरही कलला होता. मग त्यांनी चौकटीच्या दोन्ही कर्णांवर दोऱ्या ताणून पाहिल्या. कर्ण सारखे भरले नाहीत. शेवटी त्यांनी बिजागऱ्या तपासल्या. प्रत्येकीला भोके चार आणि स्क्रू दोन, तेही आखूड. दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरविले. तिथे रंगाचा अगर पॉलिशचा थेंब लागलेला नव्हता. लाकूड जसे करवतीखालून आले तसेच उघडे होते.

मिस्त्री म्हातारीला म्हणाले, "आई, दाराचा काही गुन्हा नाही. चौकट वाकडी उभी आहे, आणि शिक्षा दाराला झाली."

आपल्याकडे म्हण आहे, नाचता येईना अंगण वाकडे. इथे अंगण खरोखरच वाकडे होते, पण ते कोणी पाहिलेच नव्हते. चौकट उभी करताना तिच्या दोन पायांमध्ये एक आडवी पट्टी ठोकतात आणि भिंत पुरी होऊन सुकेपर्यंत ती काढीत नाहीत, म्हणजे चौकट आपल्या जागी राहते. या घराच्या घाईत ती पट्टी लवकर निघाली असावी, आणि कच्च्या भिंतीच्या दाबाने चौकट सरकली असावी. कारागिराने दार आणले तेव्हा त्याने चौकटीला ओळंबा लावला नाही. दार लागते आहे एवढे पाहिले. बिजागऱ्यांची बाजू वरून कललेली असल्यामुळे दाराचा कडीकडचा भाग खाली झुकला. वरचा कोपरा चौकटीवर आणि खालचा उंबऱ्यावर घासू लागला. त्यात ओल्या गिलाव्याची दमट हवा आणि पावसाचे पाणी खालच्या उघड्या कडेतून शिरले, आणि उरलेली जागा संपली. रंधा मारल्याने जागा झाली खरी, पण झुकाव होता तसाच राहिला. म्हणूनच उन्हाळ्यात बाजूला बोटभर फट पडली, तरी वरचा कोपरा घासतच होता. रंध्याने काढलेले लाकूड परत येत नाही; पावसाने फुगलेले लाकूड मात्र कार्तिकात आपले आपण आकसते. हा हिशेब रंधा हातात घेण्यापूर्वी करायचा असतो.

दुरुस्तीला चौकट उखडावी लागली नाही. मिस्त्रींनी वरच्या बिजागरीचे घर पटाशीने थोडे खोल केले, खालच्या बिजागरीमागे पातळ पाचर दिली, आणि आखूड स्क्रू काढून लांब स्क्रू चारही भोकांत पिळले. एवढ्यानेच दाराचा झुकलेला कोपरा उचलला गेला. तासलेल्या कडेला त्यांनी सुक्या सागाची पट्टी सरसाने बसविली, ती दाबात धरून एक दिवस वाळू दिली, आणि मग एक सूत जागा राहील इतपत ती साफ केली. दाराची वरची आणि खालची कड पॉलिशचे तीन हात देऊन बंद केली. मजुरी घेताना ते म्हणाले, "एक पावसाळा जाऊ द्या, साहेब. गणपतीच्या आधी मी एकदा येऊन बघतो. तोवर कोणाला रंधा लावू देऊ नका."

ज्यांच्या घरी आज असेच एखादे दार अडत असेल, त्यांनी मिस्त्रींची ही तपासणी आपल्या हाताने करून पाहण्यासारखी आहे. दाराच्या कडेला खडू घासावा आणि दार एकदा मिटून उघडावे. चौकटीवर जिथे खडू उमटेल तिथेच दार घासते आहे. फक्त वरचा कोपरा घासत असेल, तर वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले आहेत का ते आधी पाहावे. पुष्कळदा एका पेचकसाने काम भागते. दार उंबऱ्यावर ओढत असेल, तर खालच्या बिजागरीमागे पुठ्ठ्याची पट्टी दिल्याने ते उचलले जाते. सोडल्याबरोबर दार आपोआप उघडत अगर मिटत असेल, तर चौकट ओळंब्यात नाही असे समजावे. आणि वरपासून खालपर्यंत सारखेच घासत असेल, व तेही पावसाळ्यातच, तरच लाकूड फुगले आहे असे म्हणता येईल. तेव्हाही तासण्याची घाई करू नये. कडेला मेण घासून चार महिने काढावे आणि लाकूड सुकल्यावर खालची-वरची कड रंगाने बंद करावी. चौकटच वाकली असेल आणि फरक अर्ध्या इंचाहून अधिक असेल, तर मात्र बिजागऱ्यांशी खेळण्यात अर्थ नाही; चौकट काढून पुन्हा उभी करावी.

नवे दार घेणारांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्या. एक लाकडाचा सुकेपणा. भारतीय मानकांत देशाचे हवामानानुसार चार पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात कोणत्या कामाच्या लाकडात किती ओलावा चालेल, याच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत. लाकडाला दोन टोके टोचून ओलावा मोजण्याचे लहानसे यंत्रही आता मिळते. दुसरी गोष्ट दाराच्या डोक्यावरील छपराची. कोकणातील जुन्या घरांना पुढे पडवी असे, पडवीमागे ओटी, आणि ओटीच्या आत मुख्य दार. पावसाला त्या दारापर्यंत पोचायलाच दोन उंबरे ओलांडावे लागत. नव्या बंगल्यांचे दर्शनी अंग सपाट असते; पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस थेट दारावर येतो. दारावर तीन फुटांचे छज्जे पुढे काढण्याचा खर्च कोरीव कामापेक्षा कमी येतो, आणि दाराचे आयुष्य त्याने अधिक वाढते.

या साऱ्यात एक बदल मनाला लागून राहतो. पूर्वी गावचा सुतार बलुतेदार असे. दार बसविले त्याची मजुरी वेगळी आणि दुरुस्तीची वेगळी, असा हिशेब नसे. वर्षाच्या धान्यात सारे आले. दार अडले तर पावसात त्यालाच यावे लागे, म्हणून ते अडू नये याची काळजी तो वैशाखातच घेई. त्या व्यवस्थेत जातीचे बंधन होते, कष्टाच्या मानाने मोबदला तोकडा होता, आणि ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण आपण बसविलेल्या दाराला पुढच्या पावसाळ्यातही आपणच जबाबदार, ही तिच्यातील एक गोष्ट टिकवण्यासारखी होती. ती आता कराराने आणावी लागते. दार ठरविताना ओळंब्यात बसवून देणे, वरची-खालची कड रंगविणे, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा येऊन तपासणे, एवढे तीन शब्द पावतीवर लिहून घ्यावे, आणि मजुरीचा काही भाग त्या तपासणीपर्यंत राखून ठेवावा. चांगल्या कारागिराला यात अपमान वाटत नाही. उलट आपले काम कोणी तरी पाहणार आहे, याचा त्याला संतोष होतो. आणि एवढे करूनही कोणी दाद देत नसेल, तर ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ प्रमाणे सदोष सेवेविषयी दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. रायगड जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क पडत नाही. मात्र तिथे जाण्यापूर्वी ओळंबा लावलेल्या चौकटीचे छायाचित्र काढून ठेवावे. तासलेल्या दारावरून मूळ दोष कोणाचा होता, हे पुढे कोणालाच सिद्ध करता येत नाही; रंध्याने लाकडाबरोबर पुरावाही जातो.

मिस्त्री शब्दाप्रमाणे गणपतीच्या आधी आले. त्या वर्षीही आषाढ मनसोक्त कोसळला होता. त्यांनी दार उघडले, मिटले, कडेच्या फटीत एक जुना पोस्टकार्डाचा कागद वरपासून खालपर्यंत फिरवून पाहिला, आणि पिशवी न सोडताच चहाला बसले. म्हातारीने त्यांना विचारले, "मिस्त्री, काही काढायचे आहे का?"

"काही नाही, आई," ते म्हणाले.

चहा झाल्यावर त्यांना पोचवायला ती स्वतः दारापर्यंत आली. बाहेर पाऊस चालूच होता. तिने एका हाताने कडी काढली, आणि दुसरा हात न लावता दार उघडले.